२००७ साली तीन लग्नं लागली आणि तिन्ही फिसकटली : आपल्या विमान कंपन्यांची गोष्ट (लांब आहे, चहा घेऊन बसा)

खिडकीची_सीट

डिसेंबर २०२५ मधे इंडिगोच्या हजारो फ्लाईट रद्द झाल्या तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मामा रोज सकाळी एकच वाक्य टाकायचा, "एकाच्याच हातात सगळं दिलं की असंच होणार." मी एकदा विचारलं की मामा, दिलं कुणी? तर म्हणे सरकारने. मग मी म्हटलं थांबा, लिहूनच काढते, कारण माझ्या मते कुणी दिलं नाही, बाकीच्यांनी आपापल्या हाताने सोडलं. त्यातल्या त्यात २००७ हे एक वर्ष फार महत्त्वाचं आहे पण तिथपर्यंत यायला थोडं मागे जावं लागेल.

जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं ते सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, ते सोडते. १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं, देशातल्या देशात उडणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाईन्स केली, आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं स्पर्धा हा विषयच बंद. तिकीट मिळालं तर नशीब, फ्लाईट लेट झाली तर तेही नशीब. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरला इंडियन एअरलाईन्सचं ए-३२० कोसळलं आणि सरकारने ती नवी विमानं कित्येक महिने जमिनीवरच उभी करून ठेवली. म्हणजे आधीच सीटा कमी, त्यात नवीन विमानं बंद. त्याच सुमारास एअर टॅक्सीच्या नावाखाली खाजगी लोकांना दार किलकिलं केलं गेलं. टॅक्सी का म्हणायचं तर कायद्याने ठरलेल्या वेळेची विमानसेवा फक्त सरकारी कंपन्यांनाच चालवता येत होती. म्हणून यांना सुरुवातीला वेळापत्रक जाहीर करायलाही परवानगी नव्हती! विमान रोज सव्वासातला सुटणार पण तसं छापायचं नाही. तो कायदा रद्द व्हायला १९९४ उजाडलं.

मग आले ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी, सहारा, जेट. ईस्ट-वेस्टचे प्रमुख थकीउद्दीन वाहिद यांना नोव्हेंबर १९९५ मधे वांद्र्यात गोळ्या घातल्या, पुढच्या वर्षी कंपनी बंद. दमानिया एनईपीसीला विकली गेली, मग एनईपीसीच गेली. मोदीलुफ्तचं लुफ्तान्साशी फाटलं आणि १९९६ ला दुकान बंद. दहा वर्षांनी त्या पहिल्या खेपेतले मैदानात होते दोघंच, जेट आणि सहारा.

जेट चांगली चालली त्याचं कारण साधं होतं, समोर इंडियन एअरलाईन्स होती. वेळेवर सुटणारं विमान, गरम जेवण, नीट बोलणारी माणसं एवढ्यावर कंपनीच्या खर्चाने फिरणारा साहेब वर्ग सगळा तिकडे गेला. ५ मे १९९३ ला भाड्याच्या चार बोइंग ७३७ वर सुरू झालेली कंपनी दहाएक वर्षांत इंडियन एअरलाईन्सच्या पुढे गेली. पण लक्षात घ्या की ही स्पर्धा भाड्यावर नव्हती. सरकारी कंपनी महाग होती आणि जेटही महागच होती, भांडण फक्त कोण बरं वागवतो यावर.

भाड्यावर भांडण सुरू केलं २००३ मधे कॅप्टन गोपीनाथ यांनी. एअर डेक्कन. छोटी एटीआर विमानं, हुबळीसारखी गावं, जेवण नाही, आणि एक रुपयाचं तिकीट (वर टॅक्स वगैरे, आणि अशा सीटा मोजक्याच, पण गावभर चर्चा तीच). तिथून पुढे रांगच लागली, २००५ ला स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर, आणि ४ ऑगस्ट २००६ ला इंडिगो.

आता २००७. त्या एका वर्षात तीन लग्नं लागली. जेटने सहारा घेतली १४५० कोटींना (आदल्या वर्षी २३०० कोटींना घेणार होते, मोडलं, कोर्टकचेरी झाली, मग हा भाव). किंगफिशरने एअर डेक्कनमधला २६ टक्के हिस्सा ५५० कोटींना घेतला आणि पुढे अख्खी गिळली. आणि सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाईन्स एकत्र केल्या. तिन्ही ठिकाणी हिशोब एकच, आपण मोठे झालो की भाव आपण ठरवू. पुढच्याच वर्षी जुलैमधे कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरला टेकलं आणि त्यानंतर मंदी आली. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ ला बंद, बँकांचे सुमारे ९००० कोटी अडकले. जेट रखडत रखडत १७ एप्रिल २०१९ पर्यंत गेली. एअर इंडिया शेवटी २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे परत.

त्या २००७ मधे इंडिगो काय करत होती? काही नाही. पहिल्या उड्डाणाच्या वर्षभर आधी, २००५ च्या पॅरिस एअर शोमधे १०० विमानांची ऑर्डर दिली होती, ती एकेक करून येत होती, एकाच जातीची, आणि ती लावत होते. कुणाला विकत घेतलं नाही. २००८-०९ ला सगळे रडत असताना हे नफ्यात आले.

तर माझं म्हणणं : आपल्याकडे विमान कंपनी स्पर्धेने मेली नाही, स्पर्धक विकत घेऊन मेली. फोडा आता.

---

बोलघेवडा

पहिला! आता वाचतो.

---

बोलघेवडा

वाचलं. भारी लिहिलंयस. फक्त "काही नाही" हे धोरण मी ऑफिसात पंधरा वर्षं राबवतोय, मला अजून इंडिगोसारखा ६० टक्के मार्केट शेअर मिळालेला नाही.

---

विदाप्रेमी

लेख आवडला पण मुद्दा अर्धाच पटला. किंगफिशरने डेक्कन का घेतली ते तुम्ही गाळलंत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

त्यावेळी ५/२० नावाचा नियम होता. परदेशात उडायचं असेल तर देशात पाच वर्षं काढलेली हवीत आणि ताफ्यात २० विमानं हवीत. मल्ल्यांची कंपनी मे २००५ ची, म्हणजे २०१० पर्यंत लंडन विसरा. डेक्कन ऑगस्ट २००३ ची, तिची पाच वर्षं ऑगस्ट २००८ ला पुरी. बंगळूर-लंडन कधी सुरू झालं? सप्टेंबर २००८. बघा जुळतंय का! आणि म्हणूनच कागदोपत्री किंगफिशर डेक्कनच्या कंपनीत विलीन झाली आणि मग तिचं नाव बदलून किंगफिशर केलं, उलटं नाही. म्हणजे मोठेपणाची हाव आहेच पण अर्धी खरेदी ही त्या परवान्याच्या वयाची खरेदी आहे. सरकारने नियम असा केला की वय विकत घ्यावं लागलं. हा नियम २०१६ ला गेला, म्हणजे पाच वर्षांची अट गेली, २० विमानांची राहिली.

मामा अगदीच चुकीचे नाहीत असं सुचवायचंय.

---

खिडकीची_सीट

@विदाप्रेमी, मान्य, हे लिहायला हवं होतं. पण मग असं बघा, लंडनचं तिकीट हवं म्हणून ज्याच्याशी लग्न केलं त्या डेक्कनचं यांनी केलं काय? नाव बदलून किंगफिशर रेड केलं, रंग लाल केला, भाडं वाढवलं. डेक्कनचं गिऱ्हाईक म्हणालं एवढ्यात स्पाइसजेट येतंय की, आणि किंगफिशरचं गिऱ्हाईक म्हणालं रेडमधे पण तोच लाल रंग आहे मग मी महागातलं का घेऊ. दोन्हीकडून गेलं. ताफ्यात एअरबस आणि एटीआर दोन्ही, दोन प्रकारचे पायलट, दोन प्रकारचे सुटे भाग. कंपनीने एकाही वर्षी नफा दाखवला नाही.

मामाला हा धागा पाठवणार नाहीये, डोक्यावर बसेल.

---

लक्ष्मीरोडवाले

नमस्कार. मी इथे फारसा लिहीत नाही, वाचतो. मी पुण्यात ३४ वर्षं ट्रॅव्हल एजन्सी चालवली, आता बंद केली आहे. टायपिंगच्या चुका समजून घ्या.

तुमच्या लेखात एजंट कुठेच नाही म्हणून लिहितो. त्र्याण्णव चौऱ्याण्णवच्या सुमारास या नवीन कंपन्यांची माणसं रोज दुकानात यायची. एक उठून गेला की दुसरा. कॅलेंडर द्यायचे, पेन द्यायचे, एकाने पेढे आणले होते. आधी कसं होतं की इंडियन एअरलाईन्सच्या ऑफिसात आम्ही लाईन लावायचो आणि आता हे आमच्या दारात. स्पर्धा म्हणजे काय ते मला त्या पेढ्यांवरून कळलं.

तिकीट हाताने लिहायचं. प्रत्येक कंपनीचं वेगळं बुक. प्रत्येक पानाच्या मागे लाल कार्बन, वरच्या पानावर जोर देऊन लिहायचं म्हणजे खालच्या सगळ्या कुपनांवर उमटतं, संध्याकाळपर्यंत बोटं लाल. नाव चुकलं की तिकीट बाद, आणि बाद तिकिटाचा हिशोब द्यायला लागायचा. पासपोर्टासारखं सांभाळायचो ती बुकं, तिजोरीत.

त्यातली एक कंपनी, नाव घेत नाही, एक दिवस बंद पडली. आमच्याकडून तिकिटं घेतलेले बावीस प्रवासी. लोक कंपनीकडे जात नाहीत हो, लोक ज्याने तिकीट दिलं त्याच्याकडे येतात. एका गृहस्थांच्या मुलीचं लग्न होतं कलकत्त्याला, त्यांना मी खिशातून दुसऱ्या कंपनीची तिकिटं काढून दिली. रिफंड आजतागायत आलेला नाही.

डेक्कनने आम्हाला बाजूलाच केलं. इंटरनेटवर घ्या, फोनवर घ्या, पेट्रोल पंपावर घ्या म्हणाले. आम्ही तेव्हा हसलो होतो, पेट्रोल पंपावर विमानाचं तिकीट! नंतर बाकीच्या कंपन्यांनीपण आमचं कमिशन कमी करत करत शून्यावर आणलं. एक रुपयाच्या तिकिटाचा खर्च कुणाच्या खिशातून निघाला हे कुणी लिहीत नाही. थोडा आमच्याही खिशातून निघाला.

---

अबोली

काका _/\_ प्लीज लिहीत रहा. टायपिंगची काळजी करू नका, इथे आम्ही तरणी माणसं तुमच्यापेक्षा जास्त चुका करतो.

---

दादरचा भिडू

काका एक नंबर.

अवांतर : दमानियाचं नाव वाचून बरं वाटलं. देशातल्या फ्लाईटमधे दारू देणारे म्हणून गाजले होते हे आठवतंय कुणाला? आणि मुंबई-गोवा कॅटमरान पण त्यांचीच होती. आमच्या काकाने त्या बोटीने जायचं म्हणून पैसे साठवलेले आणि शेवटी गेला एसटीने.

---

एडिसनकर

धागा न्यू जर्सीतून वाचतोय, पहाटेचे पाच वाजलेत, झोप गेली आता.

खिडकीताई, तुमच्या सिद्धांताला इथला एक पुरावा देतो आणि मग एक विरोधातला पण देतो, म्हणजे फिट्टंफाट.

अमेरिकेत १९७८ पर्यंत भाडी सरकारी मंडळ ठरवायचं. मग राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने ती पद्धत गेली आणि तुमच्या डेक्कनसारखी एक कंपनी १९८१ मधे इथे नुअर्कला निघाली, पीपल एक्स्प्रेस. तिकीट विमानात बसल्यावर घ्यायचं! एअर होस्टेस ट्रॉली घेऊन यायची आणि पैसे घ्यायची, आपला एसटीचा कंडक्टर. बॅग चेक इन केली तर ३ डॉलर, खायचं असेल तर वेगळे पैसे. कॉलेजची पोरं, म्हातारी माणसं, जी कधी विमानात बसलीच नव्हती ती सगळी याने उडवली. आणि मग १९८५ मधे काय केलं? डेन्व्हरची फ्रंटिअर विकत घेतली. ती जुन्या पद्धतीची कंपनी, युनियनवाली, जेवण देणारी. वर्षभरात फ्रंटिअरचं दिवाळं निघालं आणि पीपल एक्स्प्रेस स्वतःच विकली गेली, १९८७ ला नावपण पुसलं. तुमच्या २००७ ची हुबेहूब गोष्ट वीस वर्षं आधी.

पण तिला फक्त फ्रंटिअरने नाही मारलं. अमेरिकन एअरलाईन्सचे प्रमुख क्रँडल होते, त्यांनी विचार केला की आपलं विमान तसंही अर्धं रिकामं जातं, त्या रिकाम्या सीटा आपण पीपल एक्स्प्रेसच्याच भावात विकू, पण फक्त त्याच. जो माणूस महिनाभर आधी ठरवतो त्याला स्वस्त आणि जो साहेब उद्या जायचंय म्हणतो त्याला महाग. किती सीटा स्वस्तात सोडायच्या ते रोज कॉम्प्युटर ठरवणार. १९८५ च्या जानेवारीत ही भाडी आणली. पीपल एक्स्प्रेसकडे असा कॉम्प्युटरच नव्हता, त्यांच्याकडे बहुतेक सगळ्यांना एकच भाव. आज तुम्ही रात्री मुंबई-नागपूर ४२०० ला बघता आणि सकाळी ते ६१०० होतं ना, त्याचं खापर क्रँडल यांच्यावर फोडायचं.

आता विरोधातला पुरावा. डेल्टाने नॉर्थवेस्ट घेतली २००८ ला, युनायटेड-कॉन्टिनेंटल २०१०, साउथवेस्टने एअरट्रान २०११, अमेरिकन-यूएस एअरवेज २०१३. सगळ्यांनी स्पर्धक गिळले आणि चौघंही जिवंत आहेत, नफा पण कमावला चिक्कार. का? कारण त्यातले बरेचसे आधी किंवा त्याच सुमारास चॅप्टर ११ मधून गेले. म्हणजे दिवाळखोरी जाहीर करायची पण विमान चालू ठेवायचं, आणि कोर्टाच्या देखरेखीखाली लीज, पगार, पेन्शन सगळं परत घासाघीस करून कमी करून घ्यायचं. कामगारांचे हाल होतात तो भाग आहेच. पण कंपनी आजारी असताना हॉस्पिटलमधे जाते. आपल्याकडे थेट वैकुंठ.

---

विदाप्रेमी

+१ एडिसनकर. आपल्याकडे दिवाळखोरीचा नीट कायदा आला २०१६ ला, किंगफिशर तोवर संपली होती. जेट त्यातून गेली पण विमानं आधीच लीजवाल्यांनी (भाड्याने देणाऱ्या मालकांनी) नेली होती, उरलं काय तर नाव आणि देणी. वर्षानुवर्षं चाललं आणि नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, विका आणि संपवा.

खिडकीताई, आता सिद्धांत दुरुस्त करा.

---

खिडकीची_सीट

करते. "स्पर्धक महागात आणि उसन्या पैशाने विकत घेतला, आणि त्याच्या पद्धतीने स्वतः वागायला शिकला नाही तर मेला." आता चालेल? लांब झालं पण, स्टिकर होणार नाही याचं.

एडिसनकर, ती ट्रॉलीवर पैसे घ्यायची गोष्ट मला माहीत नव्हती. कंडक्टर! सुट्टे नसतील तर काय करत असतील.

---

रॅम्पवाली

मी मुंबई एअरपोर्टवर नऊ वर्षं ग्राउंड स्टाफमधे होते, दोन कंपन्या बदलल्या, आता या क्षेत्रात नाही. सगळे मालकांबद्दल लिहितायत, मी जमिनीवरचं लिहिते कारण माझ्या मते इंडिगो का टिकली ते बोर्डरूममधे नाही, बे वर (विमान उभं करायच्या जागेवर) बघायला पाहिजे.

विमान बे वर आलं, चॉक्स (चाकाखालचे ठोकळे) लागले की घड्याळ सुरू. लो कॉस्टवाल्यांना साधारण २५ ते ३० मिनिटं. त्यात मागच्या-पुढच्या दोन्ही दारांनी पॅक्स (म्हणजे प्रवासी) उतरवायचे, केबिन क्रू स्वतःच सीटा साफ करतात बेल्ट क्रॉस करून ठेवतात (फुल सर्व्हिसमधे वेगळी माणसं चढायची त्यासाठी), बॅगा खाली, बॅगा वर, इंधन, लोडशीट, दारं बंद, पुशबॅक. इंडिगोने शिडीऐवजी ते उताराचे रॅम्प आणले ना, ते दिसायला साधं वाटतं पण व्हीलचेअरचा पॅक्स आला की शिडीवर उचलून न्यायला जी पाच-सात मिनिटं जायची ती गेली. पाच मिनिटं म्हणजे काय असं वाटेल. एक विमान दिवसात सहा-सात सेक्टर (फेऱ्या) करतं. प्रत्येकाची पंधरा मिनिटं वाचवली की संध्याकाळी एक जादा फ्लाईट निघते, आणि त्या फ्लाईटसाठी विमानाच्या लीजचं भाडं आधीच भरलेलं असतं. तीच कमाई.

फुल सर्व्हिसमधे आम्हाला तासभर मिळायचा. जेवणाच्या गाड्या, उशा, वर्तमानपत्रं. सगळं छान, पण विमान उभं. उभं विमान पैसे खातं.

आणि डिले कोड! फ्लाईट तीन मिनिटं उशिरा निघाली तरी कुणामुळे ते कोड टाकून लिहावं लागतं. त्या तीन मिनिटांवरून केटरिंग, बॅगेज आणि आमच्यात जी भांडणं व्हायची ती सासूसुनांच्या मालिकेत चालली असती. ओटीपी ओटीपी करत असायचे सगळे, मोबाईलचा नाही, वेळेवर सुटण्याचा.

माझी दुसरी कंपनी, नाव नको, तिथे शेवटी शेवटी पगार ७ तारखेवरून २० वर गेला, मग पुढच्या महिन्यावर, मग निम्मा. तरी आम्ही लिपस्टिक लावून काउंटरला उभ्या, गुड मॉर्निंग सर. आईकडून लोकलच्या पासाचे पैसे घेऊन कामावर गेलेय मी. लोक म्हणतात स्पर्धेने तिकिटं स्वस्त झाली. झाली, पण ती कशी झाली ते आम्हाला विचारा.

---

अबोली

रॅम्पवाली, वाचून गलबलून आलं गं. २००८ ची जेटची पण बातमी आठवली, एका फटक्यात सुमारे १९०० जणांना काढायचं ठरलं, गणवेशातल्या मुली रस्त्यावर रडत होत्या. राज ठाकरेंनी इशारा दिला की महाराष्ट्रातून जेटचं विमान उडू देणार नाही आणि दुसऱ्या दिवशी नरेश गोयलांनी सगळ्यांना परत घेतलं.

---

विदाप्रेमी

आणि त्याच्या दोनतीन दिवस आधी काय झालं होतं माहितीये का? जेट आणि किंगफिशरने हातमिळवणी जाहीर केली होती, मार्ग वाटून घेऊ, इंधन एकत्र घेऊ वगैरे. कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे! दोन बुडणारे एकमेकांच्या गळ्यात.

संगनमताचा विषय निघालाच आहे तर, २०१५ ला स्पर्धा आयोगाने जेट, इंडिगो, स्पाइसजेट तिघांना दंड ठोठावला होता, मालवाहतुकीवरचा फ्युएल सरचार्ज सगळे एकाच वेळी एकसारखा वाढवत होते म्हणून. पुढे अपिलात अडकलं ते. पण म्हणजे गळेकापू स्पर्धा वरती प्रवाशांच्या केबिनमधे आणि खालती सामानाच्या पोटात सलोखा.

---

बोलघेवडा

कुणीतरी मला ते सेल अँड लीजबॅक का काय ते सोप्या भाषेत सांगा. सगळीकडे वाचतो, "इंडिगोचं रहस्य", आणि दुसऱ्या ओळीत झोप लागते.

---

खिडकीची_सीट

समज तू शोरूममधे गेलास आणि म्हणालास शंभर रिक्षा द्या. एक घेणाऱ्याला दोन लाख भाव, तुला शंभर घेतोयस म्हणून दीड लाखात (आकडे मनाचे). रिक्षा दारात आली त्याच दिवशी तू ती एका सावकाराला एक लाख ऐंशी हजारात विकलीस आणि त्याच्याचकडून महिन्याच्या भाड्याने चालवायला घेतलीस. हातात तीस हजार रोख, डोक्यावर कर्ज नाही, रिक्षा मात्र तुझ्याकडेच. सहा वर्षांनी, इंजिन उघडायची वेळ यायच्या आत, रिक्षा सावकाराला परत आणि तू नवीन घेतोस. नवी रिक्षा पेट्रोल कमी पिते, बंद कमी पडते.

हे जमायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे शंभर घ्यायची छाती, आणि नवीन रिक्षा सतत येत राहिल्या पाहिजेत, थांबलं की भाडं अंगावर येतं. म्हणून तर २०२३ ला पॅरिसमधे ५०० ची ऑर्डर दिली. आणि इंधन हा आपल्याकडे खर्चातला सर्वात मोठा आकडा, विमानाचं इंधन जीएसटीमधे नाही, प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं, तिथे कमी पिणारी विमानं असणं म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली.

---

बोलघेवडा

कळलं. रिक्षावाल्याचं उदाहरण दिलं की मला सगळं कळतं. फक्त मीटरने येणार का विचारायचं राहिलं.

---

जळगावी वांगं

मुंबई पुणे दिल्ली बास झालं, आमचं पण ऐका. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कन दुसरा जन्म घेऊन आली आणि मुंबई-जळगाव सुरू झालं! जेमतेम १८ सीटचं विमान, वाकून आत शिरायचं, पायलटची पाठ दिसते. उडान योजनेत (छोटी गावं विमानाने जोडायची सरकारी योजना) अर्ध्या सीटांना भाड्याची मर्यादा आणि तोटा सरकार भरणार. माझे वडील गेले होते, भरिताची वांगी घेऊन, पिशवी मांडीवर. लॉकडाऊनमधे २०२० ला कंपनीने गाशा गुंडाळला.

माझा मुद्दा असा की स्पर्धा स्पर्धा तुम्ही म्हणता ती मोठ्या गावांची. आमच्याकडे एकच येतं आणि ते पण जातं. १९९४ पासून नियम आहे ना की मुंबई-दिल्लीसारख्या मलईच्या मार्गावर उडायचं तर ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान अशा ठिकाणी पण ठराविक टक्के उडावंच लागेल. जळगाव त्या यादीत विशेष म्हणून नाही आणि मलई म्हणून तर नाहीच नाही. आम्ही रात्रीची रेल्वे पकडतो, सकाळी दादर.

---

दादरचा भिडू

वांग्या, भरीत घेऊन ये रेल्वेने, स्टेशनवर न्यायला येतो.

एक गोष्ट राहिली. जेट पडली तेव्हा तिचे मुंबई-दिल्लीचे स्लॉट (विमान उतरवायच्या-उडवायच्या ठरलेल्या वेळा) वाटले गेले, इंडिगो, स्पाइसजेट, विस्तारा, गोएअर सगळ्यांना मिळाले. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण एकमेकींना छेदून जातात, एका वेळी एकच वापरता येते. म्हणजे सकाळी सातचा स्लॉट हीच खरी इस्टेट. मग २०२३ च्या मे मधे गो फर्स्ट पण गेली, इंजिनं मिळेनात म्हणून निम्मी विमानं जमिनीवर. विस्तारा नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन. जो जिवंत त्याला मेलेल्याचा वाटा. इंडिगोने कुणाला विकत घेतलं नाही म्हणता, घ्यायची गरजच पडली नाही, बाराव्याला जाऊन जमीन मिळत होती.

नवी मुंबई सुरू झालंय आता, बघू तिकडे नवीन कुणाला जागा मिळते का तेच दोघं (इंडिगो आणि एअर इंडिया) बसतात.

---

खिडकीची_सीट

भिडू, हे मला सुचायला हवं होतं. तो बाराव्याचा मुद्दा वर लेखात घालते, तुझ्या नावाने.

टाटांच्या विलीनीकरणाबद्दल दोघांनी व्यनि (खाजगी निरोप) केलाय की तुझ्या सिद्धांताप्रमाणे आता एअर इंडिया बुडणार का. चार कंपन्यांच्या दोन केल्यात, वेगवेगळ्या जातीची विमानं आहेत, वेगवेगळे पगार आहेत, म्हणजे २००७ ची सगळी लक्षणं आहेत. फरक एवढाच की यावेळी मागे टाटांचा खिसा आहे. त्यावर पैज लावायला मी तयार नाही.

---

अबोली

लक्ष्मीरोडवाले काका, ती बंद पडलेल्या कंपन्यांची तिकीटबुकं परत द्यावी लागायची का हो? का अजून आहेत तुमच्याकडे?

---

लक्ष्मीरोडवाले

चालू कंपन्यांची परत द्यायला लागायची, एकेक नंबर मोजून. २००८ ला जगभर कागदी तिकीटच बंद झालं तेव्हा उरलेली सगळी पावती घेऊन परत केली. पण ज्या कंपन्या आधीच बंद पडल्या त्यांची न्यायला कोण येणार? मी पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. एक-दोन वर्षं तिजोरीत ठेवली, मग वाटलं कशाला जागा अडवायची. मुली तेव्हा लहान होत्या, त्या तिकीट तिकीट खेळायच्या. आजोबांना लंडनचं तिकीट, भांडीवाल्या मावशींना काश्मीरचं. हात लाल, फ्रॉक लाल, गादीवर पण लाल बोटं. सौ. फार ओरडायची.

एक बुक राहिलंय, अर्धं वापरलेलं. फोटो कसा चढवतात ते मला येत नाही. मोठी मुलगी रविवारी येणार आहे, तिला सांगतो.

---

अबोली

रविवारी परत येते इथे.

---

बोलघेवडा

मी पण. मला काश्मीरचं द्या काका, खिडकीची सीट.